पदर सावरेपर्यंत

वरची वाडी, ता. अकोले
१२ ऑगस्ट १९९८

चि. सौ. माधुरीस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. ह्यांनी ते नेहमीसारखं ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, सासूबाईंनी पुन्हा एकदा वाचून घेतलं, आणि माझ्या पुरणपोळीला तू ठेवलेलं नाव आता वाडीभर झालं आहे. नर्स झालीस, लोकांच्या जखमा बांधतेस, पण स्वतःच्या जिभेला पट्टी बांधायला शिकली नाहीस. पुढच्या वेळी जरा जपून लिही.

इकडे भाताची आवणी उरकली. काळभातानं जीव धरला आहे. आमची ज्ञानू संगमनेरला बारावीत रमली. मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहते, दोघी मिळून भाकऱ्या करपवतात आणि अभ्यास करतात. तिला मावशीसारखं नर्स व्हायचं आहे. हट्टीपणा तर तिनं तुझ्याकडून आधीच उचलला.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. हे पत्र मी फाट्यावर जाऊन स्वतः पेटीत टाकणार आहे. मला दम लागतो, माधुरी. बसले की काही नाही, निजले की काही नाही, पण विहिरीवरून हंडा घेऊन चढ चढायला लागले की छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं होतं. मग मी थांबायची सोंगं काढते. कधी पायातला काटा काढते, कधी पदर सावरते, कधी शेजारच्या रंगुबाईच्या म्हशीची चौकशी करते. रंगुबाईला वाटतं, मला तिच्या म्हशीचा फार लळा.

राजूरच्या डॉक्टरांनी खाटेवर निजवून हृदयाची पट्टी काढली, साफ आली. संगमनेरला छातीची सोनोग्राफी केली, तीही निजवूनच, तीही साफ. ब्लडप्रेशर तेवढं जुनंच आहे. हे म्हणतात मनाचे खेळ आहेत. सासूबाई म्हणतात, आमच्या टायमाला दम लागायला सवड कुनाला हुती. आणि परवा जेवताना हे सहज बोलून गेले की तुला खरंच झेपत नसेल तर ज्ञानूला घरी आणू, शिक्षण काय पळून जातंय का. तेव्हापासून माझ्या तोंडाला कुलूप आहे. मी सातवीतून घरी बसले ती बसलेच, ते तुला मी सांगायला नको.

तुमच्या दवाखान्यात कुणाला विचारता आलं तर विचार. मुलांना पापे. माया आहेच, ती पत्रातून दिसू दे.

तुझी,
पुष्पाताई


सावेडी, अहमदनगर
२० ऑगस्ट १९९८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग डॉक्टरांकडे गेले. पुरणपोळीबद्दल मात्र माफी मागणार नाही. हे पत्र तिकडे येणाऱ्या ओळखीच्या बाईंबरोबर देते आहे, म्हणजे ओसरीवर न जाता थेट तुझ्या हाती पडेल.

आमच्या गल्लीपुढे एक हृदयाचे डॉक्टर बसतात, मुंबईहून शिकून आलेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, बाईंना त्रास चढावर होतो आणि आपण त्यांना तपासतो खाटेवर निजवून, मग सापडणार काय? जीप उभी असताना इंजिन कुणाचंही गोडच वाजतं, ती घाटात घातली की कळतं. त्यांच्याकडे चालतं मशीन आहे. पट्टा पायाखालून सरकतो, हळूहळू चढ वाढवतात. तुला चांगला दम लागला की उतरवतात आणि लगेच डाव्या कुशीवर निजवून हृदयाची सोनोग्राफी करतात. हृदय कामात असताना कसं वागतं ते त्यात दिसतं.

आता नीट वाच, ताई, कारण सगळं इथंच आहे. पट्ट्यावरून उतरलीस की तिथल्या तिथं आडवी हो. पदर, निऱ्या, डोक्यावरचं काही बघू नकोस. मिनिटभर गेलं की हृदय थंडावतं आणि त्याची खोड लपून बसते. मग जे चित्र येतं ते खाटेवरच्यासारखंच साफ. मदतीला एक बाई असतात, लाजू नकोस. मी स्वतः आले असते, पण त्या दिवशी बाळंतिणींच्या वॉर्डात माझी ड्युटी आहे आणि आमच्याकडची बाळं रजा बघून जन्मत नाहीत.

दाजींना मी वेगळं पत्र टाकलं आहे की तपासणी करून घेतली म्हणजे तुमच्या मनातलाही संशय जाईल. या शब्दावर ते नक्की येतील. आलीस की माझ्याकडे मुक्काम कर. तुझ्या हातचं खायला तोंड आसुसलं आहे, नावं ठेवायलासुद्धा.

तुझीच,
माधुरी


वरची वाडी
१४ सप्टेंबर १९९८

चि. सौ. माधुरीताईंस,
भाऊसाहेबाचे अ. आ.

आम्ही सुखरूप पोहोचलो. तुम्ही ड्युटीवरून येईपर्यंत थांबता आले नाही, शेवटची गाडी गाठायची होती, त्याबद्दल राग नसावा.

तपासणी झाली. तुमच्या ताईने पट्ट्यावर चांगले चालून दाखविले. पट्टा घाटासारखा वर उचलत होते. तोंड लाल झाले, घाम आला, पण हूं की चूं केले नाही. खाली उतरल्यावर डॉक्टर फार घाई करीत होते की लगेच निजा, लगेच निजा. परंतु चारचौघांत धापा टाकीत आडवे होणे कुळाच्या बाईला शोभते का? तिने आधी पदर नीट घेतला, निऱ्या सारख्या केल्या, घोटभर पाणी मागून घेतले आणि मग निजली. मी तिथेच उभा होतो, मला बरे वाटले. डॉक्टर कुरकुरले, चित्र उशिरा मिळाले, पुन्हा करू म्हणाले. मी विचारले, जे मिळाले ते कसे आहे? म्हणाले, साफ आहे. मग पुन्हा कशाला?

तेव्हा काळजीचे कारण उरले नाही. आई म्हणते, आता हंड्याला निमित्त नको. ज्ञानूलाही कळविले आहे की आई ठणठणीत आहे, तू अभ्यास कर.

आपला,
भाऊसाहेब


अहमदनगर
२२ सप्टेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रंगुबाईच्या पत्त्यावर टाकलं आहे, कारण तुमच्या घरात पत्र येतं ते ओसरीसाठी. वाचून झालं की चुलीत घाल.

दाजींचं पत्र आलं. तुझ्या पदराचं त्यांनी फार कौतुक केलं आहे. मी ते दोनदा वाचलं. ताई, तू आवणीला गुडघाभर चिखलात कासोटा घालून उभी राहतेस. ज्ञानूच्या वेळी अडलीस तेव्हा जीपच्या मागच्या बाकावर आडवी होऊन राजूरला गेलीस, ड्रायव्हरकडे बघून लाजली नाहीस. पदराकडे बघू नकोस हे मी तुला लिहून कळवलं होतं, मिनिटभराची गोष्टही कळवली होती. तरी तुला निऱ्या आठवल्या, आणि वर तहानही लागली?

तू हे मुद्दाम केलंस. नाही म्हणायचं असेल तर म्हण, पण माझ्या डोक्यावर हात ठेवल्यासारखं खरं बोल. रागावले आहे, आणि घाबरलेही आहे.

माधुरी


वरची वाडी
५ ऑक्टोबर १९९८

चि. सौ. माधुरीस,
अ. उ. आ.

रंगुबाईनं पत्र ओच्यातून आणून दिलं आणि म्हशीची खुशाली सांगितल्यासारखं करून निघून गेली. बाई शहाणी आहे, माझं सोंग तिला केव्हाच कळलं असावं.

हो. मुद्दाम केलं.

पट्ट्यावर चालताना समोर भिंत होती. तिच्याकडे बघत मी एवढाच विचार केला की आता निजले तर दिसेल. दिसलं की हे म्हणणार, ज्ञानूला आण. ज्ञानू एकदा चूल हाती घेऊन बसली की वर्ष बुडणार, वर्ष बुडलं की मागण्या येणार. आजारी निघाले तर ती अडकते, धडधाकट निघाले तर मी अडकते. तिसरी वाट मला दिसत नाही, तुला दिसत असेल तर सांग. मी तर अडकलेलीच आहे, मग आणखी एका जिवाला कशाला आत घ्यायचं? पाणी मागितलं तेव्हा मला तहान नव्हती. निम्मं पाणी ब्लाउजवर सांडलं, तेही पुसत बसले.

पावसाळ्यात पागोळ्यांवर भागायचं, आता सगळं पाणी खालूनच आणावं लागतं. पायाला सूज येते, बोट दाबलं की खळगा राहतो. निजताना उशाला पोतं घेते. सासूबाईंना वाटतं थंडी वाजते.

तुला आईची शपथ आहे, ह्यातलं एक अक्षर ह्यांना किंवा ज्ञानूला कळता कामा नये. बारावीचा शेवटचा पेपर होऊ दे, मग कुठल्याही पट्ट्यावर चढव मला. तोवर लोभ असू दे, राग मागे ठेव.

तुझी,
ताई


अहमदनगर
२८ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हेही रंगुबाईच्या पत्त्यावरच टाकते. इतके दिवस लिहिलं नाही, कारण काय लिहायचं तेच कळत नव्हतं. तू मलाही आत ओढलंस. दिवाळीत ज्ञानू दोन दिवस इकडे होती. आई कशी आहे असं मी तिला विचारलं, आणि ती आनंदानं म्हणाली, रिपोर्ट साफ आहे ना मावशी. मी तिच्या ताटात शंकरपाळे वाढत राहिले. बोलले तर शपथ मोडते, गप्प बसले तर तू जातेस. वॉर्डात बायका कळा देत असतात आणि माझ्या डोळ्यांपुढे तुझा चढ येतो.

शपथ मी मोडणार नाही. पण तू आईची घातलीस म्हणून आईबद्दलच लिहिते. तूच मला सांगितलंस, तिला खोकल्यातून रक्त पडत होतं, ती फडकं धुऊन गोठ्यामागे वाळत घालायची. का, तर तुझी शाळा सुटू नये. सातवीच्या परीक्षेपर्यंत कळू द्यायचं नाही असं तिनंही ठरवलं होतं. ती गेली, आणि त्याच आठवड्यात अण्णांनी तुझं दप्तर माळ्यावर टाकलं. मी कडेवर होते तुझ्या. आजारी आईला भेटून मुलगी परत कॉलेजात जाऊ शकते, ताई. आई नसलेलं घर मात्र मुलीच्या गळ्यात पडतं आणि ते कुणी काढून घेत नाही. तुझ्या गळ्यातलं कुणी काढून घेतलं?

आईनं लपवून तुझी शाळा वाचली नाही. तू लपवून ज्ञानूची वाचणार नाही.

डॉक्टर पुन्हा करायला तयार आहेत. मी रजा टाकते. या खेपेला मी शेजारी उभी राहीन. पदर तुझा, पण धरीन मी.

माधुरी


(पोस्टकार्ड)

वरची वाडी
१६ डिसेंबर १९९८

चि. सौ. माधुरीस अ. उ. आ.

इकडे सर्व क्षेम. परवा विहिरीवरून येताना चढावर बसावं लागलं, हंडा गडगडत खाली गेला. सासूबाईंनी दारातून पाहिलं. ह्यांना सांगून त्यांनी माझी नगरची तारीख काढायला लावली. संक्रांतीचं वाण द्यायला येते. तू म्हणालीस तशी उभी राहा.

सौ. पुष्पावती


अहमदनगर
१८ जानेवारी १९९९

ती. दाजींस,
शि. सा. न. वि. वि.

ताई माझ्याकडेच आहे, चार दिवस ठेवून घेते. शेतावरच्या कामामुळे तुम्हाला येता आलं नाही, म्हणून सगळं लिहून कळवते. हे पत्र ओसरीवर खुशाल मोठ्यानं वाचा, तुमच्या आईंनीही ऐकावं अशी माझी इच्छा आहे.

मागच्या खेपेसारखंच तिला पट्ट्यावर चालवलं. उतरल्याबरोबर मी तिचा पदर हातात घेतला आणि ती डाव्या कुशीवर आडवी झाली. डॉक्टरांनी चित्र लगेच घेतलं. मागे तेवढा वेळ मधे गेला होता म्हणून काही दिसलं नव्हतं. या वेळी दिसलं. डॉक्टरांनी मलाही पडद्यावर दाखवलं. ताईचं हृदय आवळतं झकास, कुठं कमी नाही. पण आवळल्यावर ते सैल पडायला हवं, म्हणजे पुढचं रक्त आत येतं. बसल्या जागी ते कसंबसं सैल होतं. कामाला लागलं की होत नाही. वर्षानुवर्षं दाबाखाली राहून ते घट्ट झालं आहे. मग रक्त मागं फुप्फुसात तुंबतं आणि दम कोंडतो. याला हार्ट फेल्युअर म्हणतात, पण नावाला घाबरू नका, म्हणजे हृदय बंद पडतं असं नाही. मनाचे खेळ मात्र नाहीत, हे आता डोळ्यांनी पाहिलं.

अंगातलं पाणी काढायची गोळी आणि ब्लडप्रेशरची गोळी रोज. मीठ अगदी कमी, पापड-लोणचं बंद. डोक्यावर ओझं नाही आणि चढ नाही. चालायचं, पण सपाटीवर.

दाजी, मी लहान तोंडी मोठा घास घेते. ज्ञानूला घरी आणायचं तुमच्या मनात येईल. तिची परीक्षा तोंडावर आहे. ताई इतके महिने चढ कुणासाठी चढत राहिली याचा विचार करा, मग ठरवा.

आपली,
माधुरी


संगमनेर
८ मार्च १९९९

चि. सौ. माधुरीस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्ता बघून चकित झाली असशील. होय, मी ज्ञानूच्या खोलीवर आहे. तिची मैत्रीण मामाकडे राहायला गेली, तिची खाट मला मिळाली. ज्ञानू आत्ताच पेपरला गेली, म्हणून निवांत लिहायला बसले.

झालं असं. मी तुझ्याकडून घरी परतले त्याच दिवशी तुझं पत्र आलं, आणि ह्यांनी ते ओसरीवर वाचायला घेतलं. अर्ध्यावरून पुढचं मनातच वाचू लागले. मग सासूबाईंनी दटावलं, तेव्हा शेवटपर्यंत वाचलं. ते परीक्षेचं वाक्य ऐकून मी चुलीकडे तोंड केलं. मग हे म्हणाले की माधुरीचं खरं असलं तरी घर चालायला बाईमाणूस लागतंच, ज्ञानूला आणल्याशिवाय इलाज नाही. ज्याला मी इतके महिने भीत होते तेच शेवटी कानावर आलं. माझ्या छातीत तेव्हा चढ नसताना मूठ आवळली.

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता बोलल्या, "पोरीला वर कशाला आनता? डाक्टरनं हिला चढ नगं म्हनलंय न्हवं, मंग हिलाच खाली धाडा. भाकरी मला येती अजून."

माधुरी, इतके महिने मी ज्ञानूला वर यावं लागेल म्हणून जीव मुठीत धरून होते. मला खाली उतरता येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ज्या बाईला मी इतकी वर्षं भ्याले, तिला ते तांदूळ निवडता निवडता दिसलं. निघताना मी पाया पडले तर म्हणाल्या, व्हय जा, आन् लई दिस ऱ्हाऊ नगं.

पाण्याचं म्हणशील तर ह्यांनी माळ्यावरची कावड काढली. वाडीतले बाप्ये हसले, तर हे म्हणाले, महादेवाची समजा. बाजाराच्या दिवशी काळभात घेऊन इथं येतात, खाटेच्या कडेला पाहुण्यासारखे बसतात आणि गोळ्या घेतल्या का विचारतात. पायाची सूज उतरली. उशाचं पोतं गेलं. मीठ नसलेली भाजी ज्ञानूही माझ्याबरोबर खाते आणि तुझ्यासारखीच तिला नावं ठेवते.

सगळं गोड झालं असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं बोलण्याची हौस एकदा पुरेशी झाली. वर होते तेव्हा खाली उतरायची चोरी होती, आता वर चढायची. माझी चूल तिथं, माझं शेत तिथं, आणि मला तिकडची वाट नाही. चार भिंतींत दिवस मोठा होतो. हे जीपमधून परत निघतात तेव्हा मी खिडकीतून बघत नाही. परीक्षा झाल्यावर पुढं काय, हे ना त्यांनी विचारलं, ना मी. डॉक्टर म्हणाले होते हृदयाला सैल पडता येत नाही. मला तरी कुठं येतं, माधुरी? रिकामी बसले की हात आपोआप काहीतरी निवडायला शोधतात.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून रोज प्रवरेकडे चालत जाते. काल उन्हात जरा लांब गेले आणि दम भरला. सवयीनं हात पदराकडे गेला, पायात काटा आहे का तेही बघून झालं. तिथं पारावर एक अनोळखी बाई भाजीची पाटी घेऊन बसली होती. तिनं विचारलं, काय हो बाई, काही हरवलं का?

मी म्हटलं, "दम लागलाय."

सोंग न काढता पहिल्यांदाच कुणाला तरी तोंडानं सांगितलं. तिनं पाटी बाजूला सरकवली आणि मला बसायला जागा केली. मी पुष्कळ वेळ बसले.

ज्ञानू येईल आता, पेपर कसा गेला ते तीच लिहील. रजा मिळाली की ये. इथं यायला चढ नाही.

तुझी,
पुष्पाताई